रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, गुडघे दुखतायत, काय देता येईल? (जरा लवकर सांगा)

वैतागलेली_लेक | सोमवार, रात्री ९:१२
आईचे दोन्ही गुडघे प्रचंड दुखतायत. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून पेनकिलर द्यायची नाही असं कुणीतरी सांगितलंय. मग द्यायचं काय? मी पुण्यात, ती तासगावला. बाबांना विचारलं तर "तिलाच विचार" आणि ती म्हणते "काही नाही गं, पाऊस आहे म्हणून." शनिवारी जाणार आहे, जाताना काय घेऊन जाऊ तेवढं सांगा. कृपया 'डॉक्टरांना दाखवा' हा सल्ला नको. हाडांच्या डॉक्टरांना दाखवून झालंय, एक्स-रे काढला, झीज आहे म्हणाले, संपलं.

रातराणी | ९:२०
निर्गुडीचं तेल कोमट करून रात्री झोपताना. माझ्या सासूबाई जिना चढायला लागल्या परत.

फार्मा_काका | ९:३१
कुठली गोळी? त्या नावाखाली आमच्या दुकानात पाच-सहा तरी निरनिराळ्या गोळ्या आहेत. इकोस्प्रिन? क्लोपिडोग्रेल? असिट्रोम? वॉरफेरिन? की अपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅनसारखी नवीन? कशासाठी चालू आहे? वय, वजन, किडनी? पोटात कधी अल्सर? हाडांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे हे सांगितलं होतं का?

वैतागलेली_लेक | ९:४४
काका, छोटी पांढरी गोळी आहे. हार्टसाठी. वय ६३. एवढं पुरे ना?

फार्मा_काका | ९:४७
नाही पुरे. छोटी पांढरी म्हणजे अर्धं दुकान.

गुडघेबदलू | ९:५८
गोळ्याबिळ्या सोडा, सरळ गुडघे बदलून घ्या. मी दोन्ही बदलले, आता सिंहगड चढतो (अर्धा). २०१७ पासून सांध्याच्या किमतीवर सरकारने मर्यादा घातली आहे, पूर्वीसारखी लूट नाही. माझं बिल किती झालं ते हवं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

बे_एरियातला_बाळ्या | १०:१५
महिन्याला रक्त तपासायला जातात का? आयएनआर म्हणतात त्याला, आकडा जितका मोठा तितकं रक्त गोठायला वेळ लागतो. जात असतील तर असिट्रोम किंवा वॉरफेरिन. नवीन गोळ्यांना ते लागत नाही. माझ्या बाबांना इथे वॉरफेरिन चालू आहे, घरी बोट टोचून यंत्रावर आकडा बघतो आम्ही. नाहीतर त्यांना सांगा गोळीच बदलून द्यायला. नवीन गोळीत पालक-मेथी बेताने खायची कटकट नाही (पालेभाजीने जुन्या गोळीचा जोर कमी होतो), रक्त तपासायची कटकट नाही.

वैतागलेली_लेक | १०:२६
हो, ते आयएनआरच. एक दिवस अर्धी, एक दिवस पाऊण असं काहीतरी आहे, बाबा कॅलेंडरवर लिहितात. शेवटचं कधी केलं माहीत नाही. २००९ ला हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलला तेव्हापासून चालू आहे.

फार्मा_काका | १०:२९
अहो ताई, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! धातूचा व्हॉल्व्ह की जनावराच्या ऊतीचा?

वैतागलेली_लेक | १०:३३
धातूचा. शांत असलं की टिकटिक ऐकू येते. लहानपणी मी तिच्या कुशीत त्या

बरं ते जाऊ दे. धातूचा.

निवृत्त_फिजिशियन | १०:५०
बाळ्या, गोळी बदलायचा सल्ला मागे घे. धातूच्या व्हॉल्व्हला नवीन गोळ्या चालत नाहीत. त्यांतलीच डॅबिगॅट्रान देऊन पाहिली होती, गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही, तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. या पेशंटला वॉरफेरिन नाहीतर असिट्रोमच.

लेकीबाई, दोन प्रश्न. गुडघा हळूहळू दुखत आलाय की एकाएकी एकच सुजून गरम झाला? तसं असेल तर सांध्यात रक्त उतरलेलं असू शकतं, मग शनिवारची वाट बघायची नाही. दुसरं, आईला लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते का?

वैतागलेली_लेक | ११:०२
हळूहळू, दोन्ही, दोन-तीन वर्षांपासून. आणि हो!! आजी सांगायची, सातवीत असताना महिनाभर अंथरुणाला खिळली होती, आज हा सांधा उद्या तो. तुम्हाला कसं कळलं?

निवृत्त_फिजिशियन | ११:१०
त्या पिढीतले बहुतेक बिघडलेले व्हॉल्व्ह त्याच तापातून आले, रुमॅटिक फीव्हर म्हणतात त्याला. घशाच्या जंतुसंसर्गानंतर येतो. सांध्यांना चाटून जातो आणि हृदयाला चावतो असं आम्हाला शिकवायचे. गंमत म्हणजे तो सांधे कायमचे बिघडवत नाही. आत्ताचं दुखणं वयाच्या झिजेचंच.

गावठी_वैद्य | मंगळवार, सकाळी ६:४०
ॲलोपॅथीवाले झीज म्हणून हात वर करतात. वात आहे. गुडघ्याला जळवा लावा, दूषित रक्त निघून जाईल. तीन बैठकांत फरक. सोबत हळद-दूध आणि गुग्गुळ.

फार्मा_काका | ८:०५
वैद्यबुवा, जळवेच्या लाळेत हिरुडिन असतं. रक्त गोठू न देणारं. म्हणजे ज्या बाईचं रक्त आधीच गोठत नाही तिला आणखी तेच, वर तिला जखमा करून. जळू सुटल्यावर धडधाकट माणसाचंही कित्येक तास झिरपत राहतं. असलं काही लिहीत जाऊ नका हो.

गावठी_वैद्य | ८:२२
सुश्रुतांनी सांगितलंय.

फार्मा_काका | ८:२४
सुश्रुतांच्या पेशंटला असिट्रोम चालू नव्हती.

चिंचेचा_कोळ | ८:४०
हळद पण नाही का मग? आमच्याकडे तर आमटीपासून लेपापर्यंत सगळ्यात हळद.

फार्मा_काका | ८:५१
आमटीतली हळद चालते, जन्मभर खातायत. अर्काच्या कॅप्सुला मिळतात त्या नाहीत. तेच लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सुलांचं. सांध्यांसाठी घेतात ते ग्लुकोसामाइनही विचारल्याशिवाय नको, त्यानेही आयएनआर चढल्याच्या नोंदी आहेत.

खडूस_मावशी | ९:१५
मी कुठेतरी वाचलंय वॉरफेरिन म्हणजे उंदीर मारायचं औषध. आयुष्यभर ते खायला घालायचं माणसाला?

बे_एरियातला_बाळ्या | ९:४०
मावशी, खरंय. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गायी रक्तस्रावाने मरायला लागल्या, बुरशी आलेलं क्लोव्हरचं गवत खाऊन. विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यातलं द्रव्य शोधलं, पुढे त्यावरून वॉरफेरिन बनवलं, नाव त्या विद्यापीठाच्या संशोधन संस्थेच्या आद्याक्षरांवरून. आधी उंदरांना, १९५४ पासून माणसांना. आयझेनहॉवरना १९५५ ला हार्ट ॲटॅक आला तेव्हा त्यांनाही दिलं होतं. (काल गोळी बदलायचं चुकीचं लिहिलं, माझ्या बाबांना व्हॉल्व्ह नाही, ठोके अनियमित म्हणून आहे. सॉरी.)

शेतकरी_पोरगा | ९:५५
क्लोव्हर म्हणजे आपला लसूणघास का? आमच्या म्हशी रोज खातात.

बे_एरियातला_बाळ्या | ९:५८
नाही, लसूणघास वेगळा. म्हशी सुरक्षित आहेत.

वैतागलेली_लेक | ११:३०
म्हशींचं कळलं. आईला काय देऊ?

गुडघेबदलू | ११:४१
मी सांगतोय ना, ऑपरेशन.

निवृत्त_फिजिशियन | दुपारी १:२०
धातूचा व्हॉल्व्ह असताना ऑपरेशन म्हणजे ही गोळी थांबवायची, मधल्या काळात रक्त पातळ ठेवायला हेपॅरिनची इंजेक्शनं, मग परत सुरू करायची. करता येतं, पण पुण्याहून पिशवीत घालून न्यायची गोष्ट नव्हे ती.

साधी दुखण्याची गोळी द्यायची तर पॅरासिटामॉल, तीही ठरवून दिलेल्या मात्रेत. रोज पोटभर घेतली की आठवड्याभरात तिच्यानेही आयएनआर वर सरकतो, म्हणून सुरू केली की रक्त तपासायचं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन यांतली एकही नाही. या पोटाच्या आतल्या अस्तराला इजा करतात, रक्त गोठवायला लागणाऱ्या प्लेटलेटना काम करू देत नाहीत, आणि असिट्रोम तिसऱ्या बाजूने.

सगळं_झालंय_माझं | १:४५
एटोरिकॉक्सिब द्या ना, ती पोटाला लागत नाही. मला चालते. किंवा सोबत गॅसची गोळी घ्यायची.

निवृत्त_फिजिशियन | २:१०
तुम्हाला व्हॉल्व्ह नाही. एटोरिकॉक्सिबनेही आयएनआर वाढतो, अंगात पाणी साठतं, हृदयाच्या पेशंटला ती नकोच. गॅसच्या गोळीने जठराची बाजू थोडी सांभाळली जाते, बाकी काही नाही.

सगळं_झालंय_माझं | २:१४
मग दोन दिवस रक्त पातळ करायची गोळीच बंद ठेवायची आणि पेनकिलर घ्यायची. साधं गणित आहे.

निवृत्त_फिजिशियन | २:१६
असं कुणीही करू नका. दोन दिवसांत व्हॉल्व्हवर गुठळी धरू शकते, तिथून ती मेंदूत. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय.

लेकीबाई, तुम्ही काय न्यायचं यापेक्षा ती आत्ता काय घेतेय ते बघा. घरात गोळ्यांचा डबा असेल. तो उघडा. चोळायची तेलं आणि मलमंही बघा.

वैतागलेली_लेक | शनिवार, दुपारी ३:५०
पोचले. डबा उघडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, झाकण उघडायला चमचा लागतो. आत असिट्रोमची पाकिटं नीट रबर लावून. आणि खाली, कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून, कात्रीने एकेक कापलेल्या गोळ्या. प्रत्येक तुकड्यावर नावाचा थोडाथोडा भाग. एकावर 'क्लोफि', एकावर 'फिनॅक', एकावर नुसतं 'मिग्रॅ'. नऊ शिल्लक आहेत. शेजारच्या काकूंना यानेच बरं वाटतं म्हणून त्यांनी दिल्या, संपल्या की दुकानातून सुट्या आणायच्या. नागपंचमीपासून रोज एक, सोमवारी-शनिवारी उपास म्हणून फक्त रात्री. काका, डायक्लो आहे की असेक्लो?

फार्मा_काका | ३:५८
कुठलीही असो, दोन्ही नकोत. आत्ता बंद. सुट्या कापून देणाऱ्याला काय म्हणू, आम्हीही देतो कधीकधी, नाही म्हणत नाही.

हिरड्यांतून रक्त? अंगावर डाग? शौचाला काळी, डांबरासारखी? लोहाची गोळी चालू नाही ना? तिनेही काळी होते.

वैतागलेली_लेक | ४:२०
दंडावर रुपयाएवढे तीन काळे-निळे डाग. "मिक्सरचं भांडं लागलं" म्हणे, तीनदा लागलं का. ब्रश करताना थुंकीत लाल येतं हे बाबांना माहीत होतं!! शौचाचं बाबांसमोर सांगेना, स्वयंपाकघरात नेऊन विचारलं, तर नाही म्हणाली. लोह नाही. आणि कोनाड्यात गंधपुरा तेल, अर्धी बाटली संपलेली. तेल तर चालेल ना?

निवृत्त_फिजिशियन | ४:२६
तेही बंद. गंधपुऱ्याच्या तेलात जवळपास सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनचं भावंड. रोज दोन्ही गुडघ्यांना चोळलं की कातडीतून रक्तात जातं आणि असिट्रोमचा जोर वाढवतं. झोंबणाऱ्या, तसल्या वासाच्या बहुतेक मलमांत तेच असतं, वेष्टनावर बघा. श्रावणात जेवण निम्मं, पालेभाजी कमी, त्यानेही आकडा चढतो.

आज संध्याकाळी आयएनआर. मिरजेला जा, शनिवारी रात्रीही होईल तिथे. काळी शौच, उलटीत रक्त, डोकं फार दुखणं किंवा ती पडली, डोक्याला लागलं, तर तपासणी-बिपासणी नाही, थेट दवाखाना.

रातराणी | ४:३०
बाई गं. निर्गुडी तरी चालेल का?

निवृत्त_फिजिशियन | ४:४१
हलक्या हाताने, घरी काढलेलं असेल तर. विकतच्या बाटलीत गंधपुरा मिसळलेला असू शकतो. आणि रगडून मालिश नाही, डाग बघितलेत ना.

वैतागलेली_लेक | रविवार, दुपारी १२:०५
आयएनआर ५.९. ठरवून दिलेला होता २.५ ते ३.५. रात्री हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी असिट्रोमचं काय करायचं ते सांगितलं (आकडे इथे लिहीत नाही, कुणीतरी तसंच करेल), मंगळवारी परत रक्त. भरती नको म्हणाले कारण कुठून फार वाहत नाहीये. एवढं मात्र म्हणाले की गोळ्या तुमच्या आईने लपवल्या नाहीत, तुम्ही कुणी विचारलं नाहीत.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, वजन ४७ किलो म्हणून मात्रा बेताची, पुढच्या आठवड्यात त्याच्यासाठी परत आयएनआर. फिजिओ आज घरी येऊन गेली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचा. आई पहिल्या दिवशी दहाला दमली. डावा जास्त दुखतो म्हणून काठी उजव्या हातात दिली तर म्हणते उलटं शिकवतेय पोरगी.

गुडघेबदलू | १२:३०
बरोबर आहे, काठी उलट्याच हातात. मलाही तसंच दिलं होतं. ऑपरेशननंतर.

चिंचेचा_कोळ | १२:४४
संडास भारतीय आहे का? अर्धं दुखणं तिथलं असतं. मधे भोक असलेली खुर्ची मिळते, वर ठेवायची. पायांना रबर आहे का बघून घ्या, आमची ओल्या फरशीवर सरकली होती.

वैतागलेली_लेक | १२:५१
ही एवढी कामाची गोष्ट मला सोमवारी का नाही सांगितली कुणी? निघालेच सांगलीला आणायला.

चिंचेचा_कोळ | १२:५३
तुम्ही काय खायला द्यायचं ते विचारलं होतं.

खडूस_मावशी | १:१०
माझ्या नणंदेची टाच दुखते सकाळी उठल्यावर. तिला कुठलीच गोळी चालू नाही. तिने काय करावं?

फार्मा_काका | १:१५
नवीन धागा काढा. वय, वजन आणि साखर लिहा त्यात. आणि डब्यात काय काय आहे ते.