भाडेकरूची चौकशी : किती करायची आणि कुठे थांबायचं?

दोन_खोल्या :
घर भाड्याने देताना समोरच्याची पूर्ण पार्श्वभूमी तपासल्याशिवाय किल्ली देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ओळखपत्र, पगाराची स्लिप, बँक स्टेटमेंट, कर्जफेडीचा इतिहास, पोलिसांकडची नोंद, आधीच्या मालकाला फोन. सगळं. हे म्हटलं की लोक लगेच खासगीपणा काढतात. अहो, बँक कर्ज देताना हेच मागते आणि आपण निमूट देतो. बँकेकडे निदान तारण असतं. मी तर तारणच समोरच्याच्या हातात ठेवतोय! भाडं थकलं की कोर्टाच्या तारखा सुरू, आणि तोवर कर्जाचा हप्ता मीच भरायचा. ज्याचं सगळं सरळ आहे त्याला चौकशीचा त्रास व्हायचं कारण काय?

फिरस्ता :
सरळ माणसालाच जास्त होतो. नवी नोकरी, नवं शहर, पहिल्यांदाच स्वतंत्र राहणारा: त्याच्याकडे ना जुना मालक, ना कर्जाचा इतिहास. सुटी कामं घेऊन पोट भरणाऱ्याकडे पगाराची स्लिपच नसते. याउलट लबाडाची फाइल कायम चोख असते.
आणि एक सांगा. तुम्ही दहा जणांची कागदपत्रं घेता, घर देता एकाला. उरलेल्या नऊ जणांच्या ओळखपत्रांचे फोटो कुठे जातात? तुमच्या फोनमध्ये. एजंटच्याही फोनमध्ये. ते पुसल्याचं मी तरी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही.

खडूस_काका :
कागद नको तर मग काय, चेहरा बघून घर द्यायचं? खरा भेदभाव चेहरा बघूनच होतो. आडनाव, रंग, लग्न झालंय का, एकटी बाई का, मुलं किती! त्यापेक्षा कागद बरा.

फिरस्ता :
काका, कागद मागितले म्हणून चेहरा बघणं थांबत नाही. इंग्लंडमध्ये भाडेकरूला देशात राहण्याचा हक्क आहे का हे मालकानेच तपासायचं, असा नियम २०१४ च्या कायद्याने आला. मालकांनी काय केलं? नसती झंझट नको म्हणून हातात ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यालाच पुढे घेतलं. २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने म्हटलं की या नियमामुळे भेदभाव होतो. पुढच्या वर्षी अपील कोर्टाने कायदा टिकवला, पण काही मालक भेदभाव करतात हे त्यांनीही नाकारलं नाही.

आकडेमोड :
तुम्ही दोघं 'किती' यावर भांडताय, आणि बहुतेक मालक जे तपासतात तेच धड तपासत नाहीत. हिशेबाच्या कामात आहे, म्हणून सांगते.
पगाराच्या स्लिपवर एकूण पगारातून कपाती वजा करून बघा, हातातली रक्कम जुळते का. बनावट स्लिपमध्ये बऱ्याचदा एवढंही जुळत नसतं. जुळली, तर तेवढीच रक्कम त्याच सुमारास बँकेत जमा झालेली दिसायला हवी. कंपनीचा फोन नंबर अर्जातला घेऊ नका, स्वतः शोधा. अर्जातला नंबर मित्राचाही असू शकतो.
सगळ्यात फसवी साक्ष सध्याच्या मालकाची. त्याला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो तोंडभरून कौतुकच करणार, ब्याद टळली तर हवीच आहे! त्याच्या आधीच्या मालकाला विचारा, त्याला काही घेणंदेणं उरलेलं नसतं. आणि फोनवर भाड्याचा आकडा मुद्दाम चुकीचा सांगा. खरा मालक लगेच सुधारेल. मालक बनून बोलणारा मित्र 'हो हो, तेवढंच होतं' म्हणेल.

दोन_खोल्या :
आकड्याची युक्ती झकास. पण एवढे उपद्व्याप कोण करणार? पैसे भरले की तयार अहवाल देणाऱ्या कंपन्या आहेत की.

निशिगंधा :
त्या अहवालांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अमेरिकेत हा धंदा मोठा आहे. तिथे २०१८ मध्ये रिअलपेज नावाच्या कंपनीला सरकारी आयोगाने ३० लाख डॉलरचा दंड लावला. अर्जदाराचं आडनाव तंतोतंत जुळलं आणि पहिलं नाव, मधलं नाव किंवा जन्मतारीख यांपैकी एखादी गोष्ट साधारण जुळली, तरी गुन्ह्याची नोंद त्याच्या नावावर चिकटायची, असा आयोगाचा आरोप होता. ज्यांची आडनावं घराघरात सापडतात त्यांनी काय करायचं?

दोन_खोल्या :
तो दोष कंपनीचा. मालकाचा काय संबंध?

निशिगंधा :
नाही कसा? नकार तुम्ही देता. कंपनीला तर तो माणूस ओळखतही नाही. तिथे १९७० पासून कायदा आहे : अशा अहवालामुळे नाकारलं तर तसं कळवायचं, अहवाल कोणाचा तेही सांगायचं. मग अर्जदार तो मागवून चुकीला आक्षेप घेऊ शकतो. कायदा असो नसो, एका ओळीचं कारण द्यायला काय जातं? लोकांना 'नंतर कळवतो' म्हणून लटकवून ठेवतात, त्याची मला खरी चीड आहे.

खडूस_काका :
कारण दिलं की वाद घालायला येतो. अनुभव आहे.

आकडेमोड :
येऊ दे की. अटी आधी लिहून सगळ्यांना सारख्या दाखवल्या असतील तर वादाला जागा राहत नाही. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात तर याच्याही पुढे गेले. अटी आधी जाहीर करायच्या आणि त्यांत बसणारा जो पहिला येईल त्यालाच घर द्यायचं, असा नियम तिथे २०१७ पासून लागू झाला. मालक कोर्टात गेले, खाली जिंकले, पण २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम वैध ठरवला.

दोन_खोल्या :
हे मला अजिबात पटलेलं नाही. घर माझं, कर्ज माझं आणि निवड घड्याळाने करायची? सकाळी सातला फोन करणारा दुपारी फोन करणाऱ्यापेक्षा चांगला भाडेकरू कसा ठरतो? रात्रपाळी करून झोपलेला बिचारा कायम मागेच राहणार. अटी सगळ्यांना सारख्या ठेवतो, कारणही कळवतो, हे मान्य. पोलिसांकडची नोंद मात्र सोडणार नाही.

निशिगंधा :
सोडू नका, पण नीट वाचा. तक्रार झाली, खटला चालला आणि शिक्षा झाली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. घरमालकाशी झालेल्या दाव्याचंही तेच. भाडेकरू जिंकला तरी 'दावा होता' एवढंच दिसतं, आणि पुढचा मालक दार लावून घेतो. म्हणजे गळक्या छतासाठी कोर्टात जायचीसुद्धा सोय नाही.

फिरस्ता :
आता उलट बाजू. दुसऱ्याचंच घर दाखवून अनामत घेऊन पसार होणारे 'मालक' कमी नाहीत. मी दहा कागद देतो, तर मालकीचा एक कागद मलाही दिसला पाहिजे. आणि जुन्या भाडेकरूचा नंबर द्या. अनामत वेळेवर परत केली का, हे त्यालाच विचारतो.

दोन_खोल्या :
मालकीचा कागद कधीही दाखवतो. पण त्या मुलाचा नंबर त्याला न विचारता कसा देऊ?