मदत हवी आहे : बेताच्या बजेटमधला मॉनिटर आणि त्यासाठी योग्य जोडणी

नमस्कार. माझा सध्याचा मॉनिटर व्हीजीए केबलने जोडलेला असून ती जोडणी अ‍ॅनालॉग असल्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना, विशेषतः ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांच्या वळणांवर, फिकट सावली दिसते व दिवसभर मजकूर तपासल्यावर डोळे चुरचुरतात. त्यामुळे नवा मॉनिटर घ्यायचे ठरवले आहे.

माझ्या संगणकाला एचडीएमआय १.४ आणि डिस्प्लेपोर्ट १.२ अशी मॉनिटर जोडायची दोन्ही डिजिटल पोर्ट आहेत. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. एचडीएमआय १.४ वर फोर-के (३८४० × २१६० पिक्सेलचे) चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो, म्हणून, आणि खरे तर खिशाकडे पाहूनही, फोर-के मॉनिटरचा विचार सोडला. २७ इंची पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल, तेही माझ्या कामाला विरळच. उरले दोन पर्याय : २४ इंची १९२० × १०८० किंवा २७ इंची २५६० × १४४०, दोन्ही आयपीएस पॅनेलचे (म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणाऱ्या पडद्याचे).

केवळ मजकुराच्या कामासाठी दुसऱ्यावर जास्त खर्च करणे योग्य ठरेल का? त्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर डिस्प्लेपोर्टमधून अ‍ॅडाप्टर लावावा की एचडीएमआयच थेट जोडावे? साधी, स्वस्त केबल डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडेच चालते, उलट दिशेने नाही, हे मी एकदा चुकीची केबल आणून शिकलो आहे. प्रत्यक्ष अशी जोडणी वापरणाऱ्यांनी, शक्य असल्यास रिफ्रेश रेटसह (चित्र सेकंदाला किती वेळा बदलते ते), अनुभव कळवावा ही विनंती.