रिव्हर्सच्या वायरीवर थेट जोड नको, रिले लावा
होडीच्या ट्रेलरचे रिव्हर्स दिवे गाडीच्या रिव्हर्स बल्बच्या वायरीवरच जोडू का, असं तुम्ही विचारलंय. कृपया नको. २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात, तेही गाडीच्या स्वतःच्या दिव्यांवर जादा. गाडीची रिव्हर्सची वायर रिलेच्या (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ८६ नंबरच्या टोकाला द्या, ८५ ला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वायर). बॅटरीपासून १० अँपिअरच्या फ्यूजमधून ३० ला, आणि ८७ वरून ट्रेलरला. सात पिनांच्या नेहमीच्या सॉकेटात रिव्हर्सला जागाच नसते, तेरा पिनांच्यात आठवी पिन त्यासाठीच असते.

आणि ट्रेलरच्या दिव्यांना अर्थची वायर वेगळी ओढाच! इथे देवगडच्या खाऱ्या हवेत चॅसीवरचा अर्थ गंजतो, मग दिवे मिणमिणतात. धक्क्यावर ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी प्लग काढा, तापलेला बल्ब थंड पाण्याने तडकतो.