मदत हवी आहे : लाइट आणि रेंज जाते-येते तिथे विंडोज ११ मधल्या कुठल्या सोयी कामाला येतील?

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात समुद्रालगतच्या गावात आमचा महिला बचत गट आहे. कोकम आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी असा माल करतो. बिलं, लेबलं, कुरिअरचे पत्ते, गटाचा हिशोब सगळं एका लॅपटॉपवर चालतं आणि ते काम माझ्याकडे आहे. विंडोज ११ आहे. मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप घरात आहे, तोही ११ च.

आगोट जवळ आली की इथे लाइटचा भरवसा नसतो. लाइट गेली की काही वेळाने टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. इंटरनेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट, तोही पडवीच्या एकाच कोपऱ्यात धड चालतो. त्यामुळे ‘अमुक सॉफ्टवेअर घ्या, तमुक क्लाउडवर टाका’ हे कृपया सुचवू नका. विंडोजमध्ये आधीपासून आहेत पण सहसा कोणी सांगत नाही, अशा सोयी मला हव्या आहेत.

अशी एक सोय मला मिळाली आणि रोजचा त्रास कमी झाला. विंडोज-की धरून व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी उघडते. पहिल्यांदा ती चालू करायची का असं विचारते, हो म्हणायचं. २५ गोष्टी लक्षात राहतात. लॅपटॉप रीस्टार्ट केला की यादी पुसली जाते, पण पिन केलेलं तसंच राहतं. मी गटाचं नाव-पत्ता, बँकेचा खाते क्रमांक, आयएफएससी आणि ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ ही लेबलावरची ओळ पिन करून ठेवली आहे. आता बिल करताना जुनी फाइल शोधत बसावं लागत नाही. अशाच आणखी सोयी असणार, म्हणून विचारते आहे.

अडचणी अशा :

बॅटरी जुनी झाली आहे. १५ टक्के दिसत असतात आणि लॅपटॉप एकदम बंद पडतो. अर्धवट टाइप केलेलं जातं.

हॉटस्पॉट जोडला की दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. मी तर फक्त मेल बघितलेली असते.

सकाळी लॅपटॉप चालू केला की पुष्कळदा प्रिंटर सापडत नाही. आदल्या रात्री नीट शटडाउन केलेलं असतं. रीस्टार्ट केलं की लगेच सापडतो. हे कोडं मला सुटलेलं नाही.

आणि मराठी टायपिंग. ‘किनाऱ्यावर’, ‘गिऱ्हाईक’ लिहायला गेलं की र वर चढून बसतो. गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या लेबलावर चुकीचं मराठी मला चालत नाही.

प्रतिसाद १

ताई, प्रिंटरचं कोडं आधी सोडवू. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. शटडाउन केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम) जसे असतील तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. म्हणजे रात्री प्रिंटरचा ड्रायव्हर अडकला असेल तर सकाळीही तो अडकलेलाच उठतो. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं, म्हणून प्रिंटर सापडतो. शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक केलं की पूर्ण शटडाउन होतं. कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. तिथे आधी ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा, मग खाली ‘फास्ट स्टार्टअप’पुढची खूण काढता येते.

त्याच पानावर ‘हायबरनेट’ची चौकट आहे, तिथे मात्र खूण करा. तुमच्यासाठी ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. स्लीपमध्ये उघडं काम रॅममध्ये, म्हणजे विजेवरच टिकणाऱ्या तात्पुरत्या मेमरीत असतं, बॅटरी संपली की गेलं. हायबरनेटमध्ये ते डिस्कवर उतरतं. मग दोन दिवस लाइट आली नाही तरी अर्धवट बिल होतं तिथेच उघडतं.

आता १५ टक्क्यांचं. जुन्या बॅटरीचा आकडा खरा राहत नाही. आपोआप हायबरनेट होण्याची पातळी सहसा अगदी खाली ठेवलेली असते आणि तुमचा लॅपटॉप तिथवर पोचतच नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’, मग ‘ॲडव्हान्स्ड’, त्यात बॅटरीखाली ‘क्रिटिकल बॅटरी लेव्हल’ २० करा आणि ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’ हायबरनेट ठेवा. ‘लो बॅटरी लेव्हल’ त्याहून वर हवी, २५ ठेवा, म्हणजे आधी सूचना मिळेल.

बॅटरी कितपत उरली आहे तेही विंडोजच सांगतं. विंडोज-की आणि एक्स दाबून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा. इंग्रजी अक्षरांत पी-ओ-डब्ल्यू-ई-आर-सी-एफ-जी सलग, मग एक जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ सलग, म्हणजे powercfg /batteryreport असं टाइप करून एंटर करा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर पावसाआधी बॅटरी बदललेली बरी.

प्रतिसाद २

देवगडहून लिहितोय, आमच्याकडेही हॉटस्पॉटवरच सगळं. डेटा बहुधा विंडोजचे अपडेट आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवर फाइली ठेवणारी सोय) घेतात, कारण विंडोजला हा मोबाईलचा मोजका डेटा आहे हे सांगितलेलं नसतं. हॉटस्पॉट जोडलेला असताना सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, त्या जोडणीच्या प्रॉपर्टीज, आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू. मग बहुतेक अपडेट आपणहून उतरत नाहीत. ही खूण त्या एका हॉटस्पॉटपुरती असते, त्यामुळे ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकांकडे गेलात की अपडेट नेहमीसारखे होतात. तिथे ते जरूर करून घ्या, कायमचे अडवू नका.

नेटवर्कमध्येच ‘डेटा युसेज’ आहे. कुठला प्रोग्रॅम किती डेटा खातो ते नावानिशी दिसतं, मर्यादाही घालता येते.

दोन लॅपटॉप आहेत म्हणून आणखी एक : विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ उघडा आणि फक्त लोकल नेटवर्कवरचे डिव्हाइस निवडा. दोन्ही लॅपटॉप एकाच वाय-फायवर असले तर एकाने उतरवलेला अपडेट दुसरा त्याच्याकडून घेऊ शकतो.

प्रतिसाद ३

टायपिंगबद्दल. इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक) वापरत असाल तर साधा र म्हणजे जे. तुम्हाला हवा आहे तो ऱ, म्हणजे शिफ्ट धरून जे. त्यानंतर डी म्हणजे पाय मोडायचा, मग य साठी तिरक्या रेघेची की. झालं ‘ऱ्य’. ‘गिऱ्हाईक’साठी य च्या जागी यू दाबा, तो ह. दोन दिवसांत बोटांना सवय होते.

इन्स्क्रिप्ट येत नसेल तर २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कळफलक आहे, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचं. भाषांमध्ये मराठी जोडा, तिच्या पर्यायांत तो मिळेल. विंडोज-की आणि स्पेसने इंग्रजी-मराठी अदलाबदल. लेबलांसाठी कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट हवे असतील तर ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये ‘देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स’ शोधा, फुकट आहेत.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हायबरनेट लावून मुद्दाम चार्जर काढून ठेवला. २० टक्क्यांवर लॅपटॉप आपणहून निजला, आणि चालू केल्यावर बिल होतं त्याच ओळीवर उघडलं. बॅटरीचा अहवाल काढला, ती निम्म्याच्याही खाली आहे, म्हणजे बदलावीच लागणार. ‘किनाऱ्यावर’ही नीट उमटलं.

आता एकच. हिशोबाच्या फाइलींची प्रत आपोआप निघावी अशी काही सोय आतच आहे का? मोठा पेनड्राइव्ह घरात आहे.

प्रतिसाद १

आहे, ‘फाइल हिस्टरी’. कंट्रोल पॅनेलमध्ये मिळेल, ती आपण चालू करावी लागते. दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत घेते आणि जुन्या प्रतीही ठेवते, त्यामुळे मागच्या आठवड्याचा हिशोब तसाच्या तसा परत काढता येतो. फाइल डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपवर असू द्या, डी ड्राइव्हवर असेल तर ती आपोआप धरली जात नाही. पेनड्राइव्ह चालतो. तो मात्र याच कामाला ठेवा, लेबलं छापायला बाजारात नेऊ नका.