घोड्याच्या सांध्यांची पावडर की वेळेवर नालबंदी? पैसे कुठे घालावेत

रामबागकर (इंदूर)
माझं मत ठाम आहे. सांध्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या (कूर्चेत असणाऱ्या घटकांच्या) पावडरीवर पैसे घालू नयेत. तोंडावाटे दिलेलं ग्लुकोसामाइन घोड्याच्या रक्तात फारच थोडं उतरतं, दहा टक्क्यांच्याही आत. सांध्यापर्यंत पोचतं ते त्याहून कमी. खुरांची गोष्ट वेगळी आहे. बायोटिन या ब-गटातल्या जीवनसत्त्वाचा उपयोग लिपिझानर या युरोपी जातीच्या घोड्यांवर तपासला गेला आहे, रोज २० मिलिग्रॅम देऊन. तेव्हा द्यायचंच तर बायोटिन द्या, सोबत जस्त आणि तांबं. उरलेले पैसे नालबंदाला द्या.

छत्रीबाग घोडीवाले
भाऊ, आमच्याकडे वरातीच्या घोड्या आहेत. काँक्रीटच्या रस्त्यावर बँडसमोर रात्री उशिरापर्यंत त्या उभ्या असतात, नाचतात. म्हातारी घोडी सकाळी उठताना पुढचा पाय आखडून ठेवायची. पावडर सुरू केल्यावर ती मोकळी चालू लागली. टक्के मला कळत नाहीत, पण माझ्या घोडीची चाल मला कळते.

रामबागकर
काका, तुमच्या नजरेवर माझा विश्वास आहे. पण पावडर केव्हा सुरू केली? आषाढी एकादशीनंतर लग्नं थांबतात आणि कार्तिकीपर्यंत घोडीला आपोआप विश्रांती मिळते. त्या काळात काहीही खाऊ घातलं तरी पाय सुधारतील, आणि श्रेय डब्याला जाईल.

छत्रीबाग घोडीवाले
मार्गशीर्षात सुरू केली, ऐन हंगामात. म्हणून तर इतक्या खात्रीनं सांगतो. आणि तिनं अपाय काय होतो, तेही सांगा.

अन्नपूर्णा रोड
माझा प्रश्न खुरांचा आहे. घोड्याच्या खुरांना उभ्या चिरा आहेत. तीन महिने बायोटिन दिलं, काडीचा फरक नाही, म्हणून बंद केलं. मला तर हाही खर्च वायाच वाटतो.

रामबागकर
ताई, घाई केलीत. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. बायोटिनमुळे चिरलेला भाग सांधला जात नाही. वरून, केसांच्या कडेपासून जो नवा खूर येतो तोच चांगला येतो. तो पुढच्या टोकापर्यंत उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तुम्ही खाली पाहत होतात, खुराचा वरचा दोन बोटं रुंदीचा पट्टा पाहा.

महूचा पशुवैद्य
काकांनी अपायाचं विचारलं, म्हणून लिहितो. नुसत्या ग्लुकोसामाइननं सहसा अपाय होत नाही. भीती असते ती एकावर एक डबे देण्याची. खुरांच्या मिश्रणात सेलेनियम हे खनिज, दाण्यात सेलेनियम, वर टॉनिकमध्येही सेलेनियम. घोड्याला दिवसाला ते जेमतेम १ ते ३ मिलिग्रॅम लागतं. ते फार वाढलं तर आयाळ-शेपटीचे केस झडतात आणि खुरांना आडव्या भेगा पडतात. म्हणजे ज्यासाठी डबा आणला, तेच बिघडतं. म्हणून सगळ्या डब्यांवरचे आकडे एका कागदावर मांडून बेरीज करा.

दुसरं म्हणजे गव्हाचा कोंडा. आपल्याकडे तो घमेलंभर घालतात. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतं, आणि ते सांभाळलं नाही तर हाडंच कमकुवत होतात. कोंडा कमी करा, थोडा लसूणघास द्या.

आणि रामबागकर, सांध्यांना खाण्यातून काहीच पोचत नाही असं सरसकट म्हणू नका. ओमेगा-३ बद्दलचे निष्कर्ष ग्लुकोसामाइनपेक्षा आशादायक आहेत. हे स्निग्धाम्ल जवसात असतं, आणि जवस तर आपल्या माळव्यातच पिकतं.

रामबागकर
जवसाचं मान्य. पण नालबंदीवर मी अडून राहणार. नाल झिजून पडेपर्यंत लोक नालबंदाला बोलावत नाहीत. नाल झिजते, खूर मात्र वाढतच असतो. पुढचं टोक लांबतं, टाच दबते आणि प्रत्येक पावलाला शिरांवर (म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांवर) आणि सांध्यांवर ताण येतो. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटलाच पाहिजे, नाल शाबूत असली तरी.

छत्रीबाग घोडीवाले
हंगामात नालबंद मिळतो कुठे? जुने कारागीर गेले, त्यांची पोरं दुसऱ्या धंद्यात शिरली. एक येतो, तो दहा घोड्या उरकून जातो. पावडर निदान दुकानात हाताशी असते.

महूचा पशुवैद्य
अडचण खरी आहे. पण काका, घोडी आधी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. दुखणं सांध्यात आहे, शिरेत आहे की खुराच्या आत, हे पाहिल्याशिवाय आपण तिघंही अंदाजानंच बोलतोय.

छत्रीबाग घोडीवाले
तुळशीच्या लग्नाआधी आणतो. पावडर मात्र तोवर चालूच ठेवणार.

रामबागकर
ठेवा, पण येताना डबा सोबत आणा. सेलेनियमचा आकडा डॉक्टरांना दाखवायचा आहे.