गावात हवामान बदल समजावताना माझं कुठे चुकतंय?

कातळफूल: देवगडजवळच्या एका गावात कॉलेजच्या पोरांना घेऊन कार्यक्रम केला, प्रोजेक्टरवर बर्फ वितळतोय, पृथ्वीची दीड अंश तापमानवाढ, कार्बन सगळं दाखवलं. लोकं शांत ऐकत होती, शेवटी एक आजोबा म्हणाले, "ह्या सगळा ठीक, पण मोहरावर काय मारूचा ता सांगा." माझ्याकडे उत्तरच नव्हतं. खूप लागलं मनाला. पुढच्या वेळी काय वेगळं करू?

आंबेवाला: आजोबांनी बरोब्बर विचारलं ओ. बागायतदाराला दीड अंशाचं काय, त्याला थंडी कधी पडली ते कळतं. हापूसला मोहोर यायला थंडी लागते, ती उशिरा आली की मोहोर उशिरा, त्यात अवकाळी आला की तुडतुड्यांची कीड नि करपा रोग, फवारण्यांचा खर्च वाढतो, आणि थंडी लांबली तर त्याच फांदीवर परत मोहोर येऊन आधीची वाटाण्याएवढी फळं गळतात. बऱ्याच जणांकडे फवारणीच्या जुन्या वह्या असतात, त्या आणायला सांगा. पंधरा वर्षांपूर्वी किती फवारण्या, आता किती, हे त्यांच्याच तोंडून येऊ दे, मग तुम्ही कारण सांगा.

रापण: मला तर शब्दाचाच घोळ वाटतो. आपण आजच्या पावसालाही हवामान म्हणतो आणि तीस वर्षांच्या सरासरीलाही हवामानच, मग लोक म्हणतात ते तर रोजच बदलतं! कोळीवाड्यात मी "समुद्र तापलाय" एवढंच म्हणते, लगेच बोलायला लागतात, ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते ही चक्रीवादळं त्यांनी भोगलीयत. पण प्रत्येक वादळ हवामान बदलामुळेच आलं असं ठोकून देऊ नका हं. वादळं आधीपण यायची, तापलेल्या पाण्यावर त्यांना जोर जास्त मिळतो, तेवढंच सांगा, नाहीतर कोणीतरी जुनं वादळ काढणार आणि तुमचं खरंही खोटं ठरणार.

उन्हाळी: अहमदाबादचं बघा. २०१० च्या मे मध्ये उन्हाने खूप माणसं गेली, मग २०१३ ला महापालिकेने उष्णतेचा आराखडा केला. त्यात कार्बन समजावत नाही बसले, उद्या किती तापणार, कुठल्या रंगाचा इशारा, काय काळजी घ्यायची, ते सांगितलं. नुसती भीती घातली की माणूस गप्प होतो.

कातळफूल: वह्यांचं डोक्यातच आलं नव्हतं! रविवारी आधी आजोबांकडेच जाते, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातून फवारणीचं सांगायला कोणी येईल का तेपण विचारते.