वयाप्रमाणे बाईकची आवड बदलते की फक्त गुडघे बदलतात?

मुलुंडचा_३७३ यांनी विचारलं:

मंडळी, वय ४७. राहायला मुलुंड पूर्व, ऑफिस अंधेरी एमआयडीसी, त्यामुळे रोज जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) नशिबात. गाडी २०१७ ची केटीएम ड्यूक ३९०. गाडीत काही खोट नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर इथे लगेच ब्रँडची भांडणं सुरू होतात. ती ज्या कामासाठी बनली ते चोख करते. प्रश्न माझा आहे.

रुपारेल कॉलेजला असताना मोठ्या भावाची सेकंडहँड आरएक्स १०० चोरून चालवायचो. पहिल्या नोकरीत पल्सर १८० घेतली. लग्न, मुलगा, मग बरीच वर्षं स्कूटर. चाळिशी आली तेव्हा बायकोला "आता एकदाच" असं सांगून ड्यूक आणली. तेव्हा ४३ बीएचपी हा आकडा मला पाठ होता, मुलाची वाढदिवसाची तारीख विचारली तर एक क्षण थांबायचो.

हल्ली काय होतं, सिग्नलला उभा असलो की नजर शेजारच्या रॉयल एनफिल्ड ३५० वर जाते. खाली सीट, सरळ हँडल, मालक आरामात बसलेला. ह्याच गाड्यांना आम्ही कॉलेजात "काकांची गाडी" म्हणून हसायचो. आता मी बघत बसतो आणि मागचा हॉर्न मारतो.

दुसरं म्हणजे चष्मा. लांबचं स्वच्छ दिसतं, पण टीएफटी, म्हणजे स्क्रीनवाल्या मीटरवरचे बारीक आकडे धूसर. गिअरचा मोठा आकडा तेवढा कळतो. काट्याचा गोल मीटर असला की आकडा न वाचताही काटा कुठे कललाय त्यावरून वेग समजतो, हे मला आता पटतंय. तिसरं म्हणजे सौ. तिच्या मते ड्यूकची मागची सीट म्हणजे खिडकीच्या कठड्यावर बसल्यासारखं आहे. दोनदा बसली, तिसऱ्यांदा रिक्षा केली.

डोक्यात दोन गाड्या आहेत: रॉयल एनफिल्डची हंटर ३५० आणि ट्रायम्फ स्पीड ४००. बजेट अडीच-पावणेतीन लाख, ऑनरोड. पण भीती अशी की ही खरी आवड आहे की नुसता थकवा? सहा महिन्यांनी ड्यूकची आठवण येऊन जीव तळमळला तर? ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी सांगा.

दादर_आर१५:

काका, माझं वय २२, तेव्हा अनुभव शून्य. पण स्पीड ४०० घ्या. हंटरला २० बीएचपी आहेत, तुम्ही ४३ वरून २० वर येणार? माझ्या यामाहा आर१५ ला ७४०० आरपीएमला व्हीव्हीए (इंजिनाची झडप जास्त उघडायची सोय) चालू होतं आणि तिथून पुढे खरी मजा आहे. ती एकदा सवय लागली की खालची गाडी झोप आणते.

आणि ड्यूक विकणार असाल तर नंबर पाठवा.

लालबाग_उजवा_गिअर:

आमचं वय ६१. दादरचा भाऊ म्हणतो ते त्याच्या वयाला बरोबर आहे, पण त्याने एक हिशेब केला नाही. जेव्हीएलआरवर सकाळी साडेनऊला, मेट्रोच्या खांबांमधून, ७४०० आरपीएम कुठे लावणार? पवई उतरेपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. ड्यूकचा टॉर्क, म्हणजे ओढ, ३७ न्यूटन-मीटर, पण तो मिळतो ७००० ला. हंटरचा २७ च आहे, पण ४००० ला हातात येतो. कागदावर दहा कमी. कांजूरच्या सिग्नलवरून निघताना कोण आधी निघतो ते बघा.

आता आमची गोष्ट. १९८५ साली दोन गाड्या एकाच वर्षी आल्या, यामाहाची आरएक्स १०० आणि हिरो होंडाची सीडी १००. चाळीत त्यावरून दोन तट पडले. नोकरीवाले, डबा घेऊन कामावर जाणारे, हिशेबी लोक सीडीकडे, कारण तिचं ॲव्हरेज. आम्ही पोरं आरएक्सकडे. ११ बीएचपी आणि वजन जेमतेम शंभर किलोच्या वर, म्हणजे पाठीला लाथ बसल्यासारखी निघायची. मी तीन वर्षांनी घेतली. तेव्हा मला कोणी विचारलं असतं की सीट किती उंच आहे, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सीटची उंची कोण बघतं विशीत?

तिशीत बुलेट आली. जुनी, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. किक मारण्याआधी ॲमीटरचा काटा मध्यावर आणायचा, इंजिनातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, मग अंगाचं वजन टाकायचं. ते जमलं की गल्लीतली पोरं बघत राहायची. नाही जमलं की किक उलटी यायची. तिशीत उलटी आलेली किक म्हणजे शिवी घालून दुसरी मारायची. पन्नाशीत ती आली तर दोन दिवस लंगडावं लागतं, आणि मग माणूस बटणस्टार्टचा विचार करू लागतो. हे मी आवड बदलणं मानत नाही. आवाज मला आजही तोच आवडतो.

मुंबईत एक गोष्ट लोक लक्षातच घेत नाहीत. चालत्या गाडीचं वजन कोणालाच लागत नाही, ती आपोआप तोलून जाते. वजन लागतं शून्य ते दहाच्या वेगात. सोसायटीत दोन कारच्या मधून गाडी उलटी काढताना, पेव्हर ब्लॉकवरून, पावसात. आपल्या शहरात रायडिंगचा अर्धा वेळ हाच असतो. म्हणून नुसते किलो बघू नका. हंटर १८१ किलो, तुमची ड्यूक त्याहून हलकी. पण ड्यूकची सीट ८३० मिलिमीटर, हंटरची ८०० च्या आसपास, आणि वजनही खाली बसलेलं. दोन्ही तळवे पूर्ण टेकले की १८१ किलो सुद्धा ढकलता येतात. फक्त चवडे टेकत असतील तर १५० पण जड.

आणि वेगाचं म्हणाल तर जायचं कुठे? सी लिंक दुचाकीला बंद. फ्रीवे बंद. कोस्टल रोड बंद, अटल सेतू बंद, जेजे पूल बंद, पुण्याचा एक्स्प्रेसवे पहिल्या दिवसापासून बंद. शहरातले जे गुळगुळीत रस्ते आहेत ते सगळे चारचाकीचे. आपल्याला राहिला खालचा रस्ता आणि त्यावरचे खड्डे. माझा मोटरसायकलचा शौक अजून जिवंत आहे तो कसारा आणि माळशेजमुळे. तोही पहाटे साडेचारला निघालो तरच.

एक मात्र स्पष्ट बोलतो. बरेच चाळिशीतले लोक आवड बदलली म्हणून बुलेट घेत नाहीत, विशीत ऐपत नव्हती म्हणून घेतात. आरएक्स बंद झाली १९९६ ला, आज रिस्टोअर केलेली आरएक्स नव्या गाडीच्या भावात विकली जाते. कोण घेतं ती? माझ्यासारखेच, पोट सुटलेले. तेव्हा मुलुंडच्या दादा, आधी बघा तुम्हाला ३५० हवी आहे की ३५० वर बसलेल्या त्या माणसाचा आराम हवा आहे. आराम हवा असेल तर स्कूटर स्वस्तात पडेल. मी रोजच्या भाजीला स्कूटरच नेतो.

कांदिवली_४११:

लालबागच्या काकांचा पार्किंगचा मुद्दा शंभर टक्के. फक्त "वय" म्हणू नका हो. माझी उंची पाच फूट एक इंच. पाय टेकतो की नाही हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून आहे, तो मला चाळिशीने शिकवला नाही. पुरुषांना सत्तेचाळीसाव्या वर्षी कळतं ते आम्हाला अठराव्या वर्षी शोरूममध्येच कळतं, आणि सेल्समन तोंडभर हसून स्कूटर दाखवतो.

माझी आवड उलटी गेली. आधी स्कूटी, मग ॲक्टिव्हा, आणि ३८ व्या वर्षी रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, ४११ वाली. सीट ८०० ची, पण गाडी २०० किलोला टेकलेली. का घेतली? मुलं मोठी झाली, रविवार मोकळा झाला. विशीत मला रविवार नव्हता. त्यामुळे वय वाढलं की गाडी लहान होते हा नियम मला मान्य नाही.

कामाचं सांगते. दोन्ही पाय टेकायचा हट्ट सोडा, कंबर थोडी सरकवून एक तळवा पूर्ण टेकवा. पार्क करताना गाडीचं तोंड नेहमी बाहेर ठेवा, म्हणजे सकाळी उलटी ढकलायची वेळच येत नाही. उतारावर तोंड खाली करून कधीच लावायची नाही.

आणि टेस्ट राइडला वहिनींना न्या. नुसतं बसवून "कसं वाटतं" विचारू नका, दोघांनी हेल्मेट घालून दोन-चार स्पीडब्रेकर घ्या. २०२२ च्या जूनपासून मुंबईत मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, आणि सीट आखूड असली की प्रत्येक ब्रेकला हेल्मेटला हेल्मेट आपटतं. माझ्या नवऱ्याने ह्याच कारणावरून माझ्या मागे बसणं बंद केलं होतं. (मी ब्रेक जोरात मारते असं त्याचं म्हणणं आहे. ते वेगळं.)

कुर्ला_मिस्त्री:

सीएसटी रोडला गॅरेज आहे. सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडे पोरगा आला की सायलेन्सर विचारतो. लग्न झालं की ॲव्हरेज विचारतो. पंचेचाळीसच्या पुढे विचारतो, सीटमध्ये जेल टाकून मिळेल का. रोजचं आहे.

साहेब, विकायच्या आधी हजार-दीड हजार खर्च करून बघा. तुमच्या गाडीच्या लिव्हर ॲडजस्ट होतात, बोटाजवळ आणा. नव्वद टक्के लोक कंपनीतून आली तशीच ठेवतात आणि मग मनगट दुखतं म्हणतात. क्लच केबल नवीन टाका, तेल द्या. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, एक-दोन खाचा कमी करा, तुमच्या वजनाप्रमाणे. हँडलला रायझर (उंची वाढवणारा तुकडा) लावून थोडं वर घेता येतं, पण तेव्हा केबल आणि ब्रेकचा पाइप ओढला जात नाही ना ते हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. सीट खाली करायला गाडीची मागची बाजू खाली घेऊ नका. गाडी वळणाला वेगळी वागते आणि साइड स्टँडवर सरळ उभी राहते, वाऱ्याने पडते.

एवढं करूनही शेजारच्या गाडीकडेच बघत असाल तर मग घ्या नवीन.

मुलुंडचा_३७३:

सगळ्यांचे आभार. मिस्त्रींचं ऐकून लिव्हर आणि प्रीलोड केलं. मनगटाला खरंच फरक आहे, थोडा राग पण आला, आठ वर्षं लिव्हर ॲडजस्ट करायचा तो गोल तिथेच होता.

रविवारी ठाण्याला दोन्ही टेस्ट राइड मारल्या, सौ. आणि चिरंजीव दोघे बरोबर. हंटरवर बसलो आणि ताबडतोब कळलं की ही ढकलता येईल. तळवे सपाट, हँडल हातात आलेलं, आणि मीटरचा काटा चष्म्याशिवाय दिसला. सौ. मागे बसून मोबाईलवर कोणाशी तरी बोलू शकल्या, हे मी प्रमाणपत्र समजतो.

मग स्पीड ४००. घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडवर तिसऱ्या गिअरला जरा पीळ दिला आणि पोटात तेच झालं जे पूर्वी व्हायचं. म्हणजे थकवा नाही, लालबागकर. ओढ अजून हवी आहे, फक्त ती ७००० च्या वर जाऊन आणायची नाही, खालीच मिळायला हवी. त्या गाडीवर ती मिळते. वजनही १७६ किलो. सौ. म्हणाल्या, "ही पण चालेल, पण तू असं परत करणार नसशील तर."

तर स्पीड ४०० कडे कल आहे, हंटर दुसऱ्या नंबरवर. कांदिवलीच्या ताईंनी सांगितलेला हेल्मेटचा प्रयोग दोन्हींवर केला. दोन्हींवर आपटलं, ब्रेक मीच जोरात मारतो असा निकाल लागला.

लालबागकर, तुम्ही कसारा-माळशेज म्हणालात. पहाटे साडेचारचं आम्हाला जमणार नाही, सौ. उठणार नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला बोटीत गाडी टाकतात म्हणे, नेलीय का कधी?

लालबाग_उजवा_गिअर:

नेलीय ना. रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट, २०२० पासून आहे, तासाभरात मांडवा, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. पेण-वडखळची रांग वाचते, हाच खरा फायदा. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवार गर्दी असते. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून स्टँडला लावा, न्यूट्रलमध्ये नको. पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा निघण्यापूर्वी बघून घ्या. मांडव्याला उतरल्यावर लगेच गाड्यांच्या गर्दीत घुसू नका, चहा प्या, कार निघून जाऊ द्या, मग रस्ता तुमचा.

ड्यूक चिरंजीवांना देणार का?

मुलुंडचा_३७३:

मी तेच गृहीत धरून चाललो होतो. टेस्ट राइडवरून येताना त्याला विचारलं. वय २०. म्हणाला, "बाबा, मला नको. पार्किंग मिळत नाही, पेट्रोल कोण भरणार, कॉलेजला ट्रेनने जातो मी. अगदीच द्यायचं असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर द्या, पुढे बॅग ठेवायला जागा असलेली."

दादर_आर१५, मेसेज बॉक्स बघ.